संकष्टीच्या दिवशी मागवलेले पाच पिझ्झे

जालना जिल्ह्यात ज्याला ज्याला तोंड आहे आणि त्या तोंडाला काही आवडीनिवडी आहेत, त्या सर्वांना या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सात माणसांसाठी पिझ्झा मागवणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. त्यासाठी समिती नेमावी, समितीत दोन्ही पक्षांच्या बायका घ्याव्यात आणि भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवावे. मी यातले काहीही केले नाही. ते काम मी एकट्याने केले आणि भाचीचे लग्न जवळजवळ मोडून ठेवले.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण, आमची आक्का, दिली आहे भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईला. दाजींची तिथे मिरची, मका, कपाशी असते. भाचीला बदनापूरच्या एका बँकेत नोकरी लागली तेव्हा ती जालन्यात मस्तगडला आमच्याकडे राहायला आली. रोज सकाळी डबा घेऊन बदनापूरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. वर्षभर सगळे सुरळीत होते. मग एक दिवस तिने मामीला सांगितले की उद्यापासून डब्यातल्या भाजीत कांदा नको. पंधरा दिवसांनी लसूणही नको झाला. आणखी महिन्याने बटाटा गेला. माझ्या बायकोने गवारीची भाजी परतता परतता मला सांगितले, "पोरगी प्रेमात पडलीय, आणि मुलगा जैन हाये."

मी हसलो. बायकोचे म्हणणे खरे निघाले.

मुलगा त्याच बँकेत होता. घर जालन्यातलेच, मूळचे राजस्थानचे, पण चार-पाच पिढ्या इथेच गेलेल्या. वडिलांचे मोंढ्यात धान्याचे दुकान. दोन वर्षे ही दोघे एकाच गाडीने जात होती, पुढे एकाच डब्यातून जेवू लागली आणि आता त्यांना लग्न करायचे होते. भाचीने सगळ्यात आधी मला सांगितले. मामाला हे सांगतात कारण मामा पुढे बोलेल अशी सोय असते. मला हे काम फार आवडते हे तिला ठाऊक होते.

मी पिंपळगावला गेलो आणि बोललो. दाजी ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "माझं काय न्हाई. पण संभाजीनगरच्या इंजिनियरचं स्थळ आलंय. त्यायला सोमवारी सांगतो म्हणलोय. तुमचं काय ते रविवारपर्यंत बघा. न्हाई जमलं तर मी सोमवारी होकार देऊन टाकणार."

आक्का चुलीपाशी होती. तिथूनच तिने सांगितले, "ते लोक आपल्या घरी जेवणार का? न्हाई. आपल्या घरात कांदा शिजतो. मंग आपण त्यांच्या घरी जाऊन काय करायचं, पाणी पिऊन यायचं? ज्या घरी मी पाटावर बसून जेवू शकत न्हाई त्या घरात मी पोरगी देत नसते."

तिकडे मुलाच्या आईचा आक्षेप नेमका याच्या उलट दिशेने येत होता. मुलाने तो भाचीला सांगितला, भाचीने मला. ती बाई म्हणाली होती की मुलगी चांगली असेल, पण कांद्या-लसणावर वाढलेली मुलगी आमच्या घरात किती दिवस टिकेल? चार महिन्यांनी उपाशी राहिली तर बोल कोणाला?

म्हणजे भानगड जातीची होती असे कोणी म्हणाले नाही, सगळे फक्त भाजीबद्दलच बोलत होते. मला त्यात आशा दिसली. भाजीवर तोडगा निघतो.

भेट कुठे घ्यायची हा पहिला पेच. आमच्या घरी ते जेवणार नाहीत, त्यांच्या घरी आक्का जाणार नाही. शेवटी मुलाने जागा सुचवली. शहरात मोठ्या रस्त्याला एक पिझ्झ्याचे दुकान आहे, शुद्ध शाकाहारी, आणि पाटीवर खाली बारीक अक्षरात 'जैन मिळेल' असे लिहिलेले. दुकान कुणाच्याच घरातले नाही. कुणाच्याच आजोबांनी पिझ्झा खाल्लेला नाही. तेव्हा मान-अपमानाचा प्रश्नच उद्भवणार नाही, असे आम्हा दोघांना वाटले.

वेळ मी ठरवली. रविवारी दुपारी साडेचार. या वेळेचा मला फार अभिमान होता. जैन मंडळी सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्यानंतर मुलाची आई पाणीसुद्धा पीत नाही, हे मी भाचीकडून काढून घेतले होते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, सगळे पाठ केले होते. दुकानाच्या मालकीणबाईंना मी शनिवारीच फोन केला. म्हणालो, "ताई, उद्या सात माणसं येणार हायेत. दोन मोठे पिझ्झे, दोन्ही जैन. आमच्यातल्या कोणालाही कांदा देऊ नका. मागितला तरी देऊ नका."

"बिलकुल काळजी करू नका," त्या म्हणाल्या.

आक्कालाही फोन केला. म्हणालो, रविवारी साडेचारला जालन्यात ये. ती म्हणाली, बरं.

रविवारी आम्ही सातही जण काचेच्या दाराआडच्या लांब टेबलापाशी बसलो. एका बाजूला आक्का, दाजी, मी. समोर मुलाची आई, वडील, मुलगा. भाची कुठे बसणार यावर थोडा वेळ अवघडलेपण आले आणि ती टेबलाच्या टोकाला, बैठकीच्या अध्यक्षासारखी बसली.

"या, या पाटील," मुलाचे वडील दाजींना म्हणाले. दाजींचे आडनाव पाटील नाही. पण मोंढ्यातला व्यापारी शेतावरून आलेल्या प्रत्येक माणसाला पाटील म्हणतो आणि शेतावरून आलेला माणूस त्याला शेठ म्हणतो. तेवढ्यावर पहिली पाच मिनिटे निभावली. पाऊस, मक्याचा भाव, मिरचीवरचा रोग. दोन्ही आया एकमेकींच्या साडीकडे बघत होत्या.

मग मालकीणबाई वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाणी कोणाकोणाला? आणि खायला सात जण ना?"

आक्का म्हणाली, "सहा. मी काय घेणार न्हाई. आज चतुर्थी हाये."

मी तिच्याकडे पाहिले. माझी बहीण कळत्या वयापासून संकष्टी करते. लहानपणी तिच्यासाठी चंद्र उगवला का हे बघायला गच्चीवर मलाच पिटाळायचे. समोरच्या घरातल्या सगळ्या नियमांचा मी अभ्यास केला आणि माझ्या घरातला एकच होता तो विसरलो.

"आक्का, तू फोनवर बोलली न्हाईस," मी हळूच म्हणालो.

"तू विचारलं कुठं? तू सांगितलंस, साडेचारला ये. आले."

समोर मुलाच्या आईचा चेहरा आक्रसला. त्यांनी नवऱ्याकडे जसे पाहिले त्याचा अर्थ मला लागला. त्यांना वाटले, हा बहाणा आहे. यांना आमच्याबरोबर खायचेच नाही. भाचीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेचा अर्थ लावायला मी तयार नव्हतो.

इतक्यात पिझ्झे आले. मी दोन सांगितले होते. चार आले.

"हे दोन जैन," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि हे दोन कांदा जादा, हिरवी मिरची जादा. मला वाटलं दोन पार्ट्या हायेत. दोन्ही ऑर्डरी याच टेबलच्या निघाल्या."

"कांदा कोणी सांगितला?" मी विचारले. माझा आवाज थोडा चढला असावा.

शेठ घसा खाकरून म्हणाले, "मी सांगितला. सकाळी फोन केल्ता. म्हटलं पाहुणे शेतकरी माणसं, तिखट खाणारी. आपल्यामुळं त्यांनी फिकं का खावं? जादा टाका म्हटलं."

कांद्याचा वास अख्ख्या टेबलावर पसरला. आता खरा प्रसंग सुरू झाला. शेठनी कांद्याचे दोन्ही पिझ्झे सरळ दाजींच्या पुढे सरकवले. दाजींनी ते सरळ मधे आणून ठेवले.

"घ्या पाटील, तुमच्यासाठीच हाये."

"न्हाई शेठ, आज आम्ही पण जैन."

"असं कसं? तुम्ही पाहुणे."

"पाहुण्यानं घरधन्यासारखंच खावं. तुम्ही खाता तेच आम्हाला द्या."

"अहो पण खास सांगून केलाय."

"मी खाल्लं असतं, पण सकाळपासून पोट जरा जड हाये."

पोट जड असलेल्या माणसाने बोलता बोलता जैन पिझ्झ्याचे दोन तुकडे संपवले. पण कांद्याच्या पिझ्झ्याला दोन्ही बाजूंचा एकही माणूस हात लावत नव्हता. त्यांनी तो आमच्या मानासाठी मागवला होता आणि आम्ही त्यांच्या मानासाठी तो खात नव्हतो. चीज हळूहळू घट्ट होत गेले. मुलाच्या आईने आपल्या बाजूचा तुकडा उचलण्याआधी मालकीणबाईंना विचारले, "कापायची चकती वेगळी हाये ना?"

"वेगळी हाये ताई. जैनची हिरव्या मुठीची."

त्यांनी तुकडा घेतला, पण ताटलीत ठेवून दिला. समोर एक बाई उपाशी बसलेली असताना खाणे त्यांना जड जात असावे. किंवा राग आला असावा. दोन्ही शक्य होते. मला एवढेच कळत होते की आक्काने सकाळपासून तोंडात काही घातलेले नाही आणि सोमवार उद्याच आहे.

तेव्हा भाची बोलली.

"मावशी," ती मालकीणबाईंना म्हणाली, "मला एक छोटा पिझ्झा द्या. अननसाचा."

टेबलावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"कशाचा?" दाजींनी विचारले.

"अननसाचा. मला आवडतो."

"पिझ्झ्यावर अननस?" दाजी म्हणाले. "म्हणजे भाकरीवर आंबा ठेवून वरून दही ओतायचं, तसलं काय?"

मुलगा खाली बघून म्हणाला, "काका, मी दोन वर्षं झाली हिला समजावून राह्यलो. ऐकत न्हाई."

"तू गप बस," भाची म्हणाली.

शेठ पुढे झुकले. "बेटा, मी गव्हाचा धंदा करतो. गव्हाचं लोकांनी काय काय केलेलं पाहिलंय. पण त्याच्यावर अननस ठेवलेला कोणी पाहिला न्हाई."

"अननस शिऱ्यात घालतात," आक्का म्हणाली. ती कोणाशी बोलली हे तिलाही कळले नसावे.

"शिऱ्यातच शोभतो," मुलाची आई पटकन म्हणाली. "चीजबरोबर म्हणजे काहीतरीच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. दोन घरांचे अर्ध्या तासात पहिल्यांदा एकमत झाले होते आणि ते होणाऱ्या सुनेच्या विरोधात झाले होते. मला फार बरे वाटले. भाचीकडे पाहिले तर तिलाही बरेच वाटत होते, असे दिसले. दोन वर्षे बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकलेली मुलगी आहे ती.

पाचवा पिझ्झा आला. पिवळे तुकडे, चीज, कडेला भाजलेले काळे डाग. सगळे जण वाकून बघायला लागले. दाजींनी बोटाने एक तुकडा उचलला, चाखला आणि सांगितले, "गोड हाये. म्हणजे बरोबर न्हाई." मुलाने नाक मुरडले. शेठनी खिशातून चष्मा काढून लावला.

भाची खात होती. खाता खाता तिने सहज म्हटले, "आई, फळ चतुर्थीला चालतं ना?"

आक्काने बोटाने तो पिझ्झा दाखवला. "फळ चालतं. पण या चपातीवरचं न्हाई."

मालकीणबाईंनी ऐकले होते. त्यांनी आतून ताज्या अननसाच्या फोडी बशीत घालून आणल्या आणि आक्कापुढे ठेवल्या. आक्काने बशी टेबलाच्या मध्यावर सरकवली, कारण एकटीने खायची तिला सवय नाही. आणि मुलाच्या आईने, कुणी आग्रह न करता, त्यातली एक फोड उचलली.

मी ते नीट पाहून ठेवले. त्या अख्ख्या टेबलावर दोन्ही बायकांना चालेल असे तेवढेच होते.

"नुसत्या फळावर दिवसभर?" मुलाच्या आईने विचारले.

"चहा पिते. कधी भगर. आज बसमध्ये होते, काही झालं न्हाई."

"साता हाये ना?"

आक्काला कळले नाही. मुलगा म्हणाला, "उपवास करणाऱ्याला आमच्यात असं विचारतात. म्हणजे सगळं ठीक हाये ना, त्रास न्हाई ना."

"ठीक हाये," आक्का म्हणाली. मग म्हणाली, "आम्हाला कोणी विचारत न्हाई. सवय झालीय."

"मी वर्षीतप केला तेव्हा सगळी गल्ली यायची विचारायला," मुलाची आई म्हणाली. "एक दिवस खायचं, एक दिवस न्हाई. वर्षभर."

"वर्षभर?" आक्काने खुर्ची पुढे ओढली. आता ती त्या बाईच्या साडीकडे नाही, तोंडाकडे बघत होती. पुढची दहा मिनिटे त्या दोघी उपवासाबद्दल बोलत होत्या, कितव्या दिवशी डोके दुखते, कुठल्या महिन्यात उन्हाचा त्रास होतो, आणि बाकी आम्ही पाच जण थंड झालेल्या पिझ्झ्यांभोवती बसलो होतो.

मग मुलाच्या आईने काचेतून बाहेर पाहिले. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढले होते. "मला आता आटपायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत. तुम्ही कधी सोडता?"

"चंद्र उगवला की. आज नवाच्या पुढं जाईल."

"म्हणजे मी थांबते तेव्हा तुमचं सुरू."

"हो की," आक्का म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "म्हणजे आपण दोघी एका वेळी कधी जेवणारच न्हाई."

भाचीने हातातला तुकडा खाली ठेवला. दाजींनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. इंजिनियरच्या घरचा नंबर त्यात होता.

मुलाच्या आईने शेवटची फोड खाल्ली, वर पाणी घेतले, पदराने ओठ टिपले. मग त्यांनी विचारले, "सोडताना काय करता?"

"साधंच. वरण, भात, बटाट्याची भाजी, मोदक. नैवेद्य दाखवायचा नि जेवायचं."

"त्यात कांदा?"

"नैवेद्याला कांदा-लसूण कसा चालंल?" आक्का जवळजवळ रागावली.

"वरणाला पण न्हाई?"

"बिलकुल न्हाई. त्या दिवशी घरात कांदा चिरतच न्हाई मी."

मुलाच्या आईने नवऱ्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि मग बराच वेळ भाचीकडे पाहिले. "तुमचं चतुर्थीचं जेवण म्हणजे आमचं रोजचं जेवण," त्या म्हणाल्या. "एक बटाटा सोडला तर."

"दोडका चालतो," आक्का म्हणाली. "बटाटाच पाहिजे असं काय न्हाई."

"मंग असं करा. इथून आमच्याकडं चला. मावळायला अजून तासभर हाये, तोवर मी करून झाकून ठेवते. मोदक मला जमत न्हाईत, लापशी करते. गच्ची मोठी हाये, चंद्र लवकर दिसतो. मी खाणार न्हाई तेव्हा, पण वाढायला काय हरकत? तुम्ही पाटावर बसा, मी वाढते."

दाजींनी रीतसर नकार द्यायला सुरुवात केली. पाहुण्याने एकदा तरी नाही म्हणायचे असते. "कशाला वहिनी, उगं तरास. आम्हाला गावाकडं जायचंय, भोकरदनची गाडी गाठायचीय, ही घरी जाऊन करील आपलं आपण, तिला सवय हाये, लग्न झाल्यापासून ती स्वतःच..."

आक्का त्यांच्याकडे वळली. दुकानात दोन टेबले सोडून बसलेल्या पोरांनीसुद्धा मान वळवावी एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "तेच तर म्हणते, लग्न झाल्यापासून चतुर्थीचं ताट मला कोणी आयतं वाढलं न्हाई. तुम्ही जा गाडीनं, मी यांच्याकडं जेवायला चाललेय."